ट्यूब लागत नाहीये? नवीन ट्यूब आणायच्या आधी स्टार्टर बघा

ट्यूब फडफडायला लागली की आपल्याकडे लगेच कोणीतरी नवीन ट्यूब आणायला पळतं, आणि बऱ्याचदा नवी पण तशीच फडफडते कारण दोष ट्यूबमधे नसतोच, तो त्या छोट्याशा स्वस्त स्टार्टरमधे असतो. मी जुन्या चोकवाल्या (चोक म्हणजे पट्टीतला तो जड लोखंडी डबा) 4 फुटी ट्यूबच्या पट्टीबद्दल बोलतोय. इलेक्ट्रॉनिक चोकवाल्या पट्टीत स्टार्टर नसतो.

हात लावायच्या आधी एक गोष्ट प्लीज ऐका, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमधे कितीतरी ठिकाणी बटण फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) घातलेलं असतं, म्हणजे बटण बंद तरी पट्टीत करंट हजर. अशा घरात बटण बंद करून बराच वेळ झाला तरी अंधारात ट्यूब मंद चमकत राहते, तसं दिसलं तर वायरमनकडून ते आधी नीट करून घ्या. म्हणून मेन पाडा, टेस्टर आधी चालू प्लगमधे लावून तो पेटतो का बघा आणि मगच पट्टीला लावा. स्टूल लाकडी किंवा प्लास्टिकचं घ्या, हात कोरडे.

आता ट्यूब काय करतेय ते नीट बघा. दोन्ही टोकं लालसर पेटून राहिलीत आणि मधे अंधार, तर स्टार्टर चिकटलाय. त्याच्या आत धातूची एक छोटी पट्टी असते, ती गरम होऊन वाकते, टेकते, गार झाली की सुटते आणि ती सुटली की चोक एक जोरदार झटका देतो, त्यानेच ट्यूब पेटते. पट्टी चिकटली की झटकाच मिळत नाही. मेन बंद करून स्टार्टर डावीकडे थोडा फिरवला की बाहेर येतो, नवा तसाच उजवीकडे फिरवून बसवा.

सारखी लुकलुकत असेल तर पण आधी स्टार्टरच बदला, तरी तेच चाललं असेल आणि टोकं काळी पडली असतील तर मात्र ट्यूब संपली. टोकं स्वच्छ आहेत आणि फक्त संध्याकाळीच त्रास देते, तर व्होल्टेज कमी असणार, त्यावर पट्टीत काही करण्यासारखं नाही.

काहीच हालचाल नसेल तर ट्यूब काढून परत बसवा, पिना खाचेत घालून पाव फेरा फिरवायचा. होल्डरच्या आतली पितळी पट्टी काळी किंवा ढिली झाली असेल तर होल्डर बदला, तो स्वस्तच मिळतो. मल्टिमीटर असेल तर काढलेल्या ट्यूबच्या एकाच टोकाच्या दोन पिनांना कंटिन्युइटी लावा, बीप यायला पाहिजे, आणि दुसऱ्या टोकाला पण. एका टोकाला जरी आली नाही तरी ट्यूब गेलेली.

राहिला चोक. नुसता घूं आवाज येत असेल तर त्याचे स्क्रू आवळा. जळका वास किंवा वितळलेलं डांबर दिसलं तर गेला, पण माझं मत विचाराल तर नवीन चोकवर पैसे घालू नका, सरळ एलईडीची पट्टी लावा. आणि जुनी ट्यूब फोडू नका हो, आत पारा असतो. चुकून फुटलीच तर पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, थोड्या वेळाने हातमोजे घालून काचा पुठ्ठ्याने गोळा करा, झाडू मारू नका.