प्रत्येक डबी पेसमेकर नसते

छातीच्या एक्स-रेवर कॉलरबोनखाली डबी दिसली की नवे रेसिडेंट लगेच ‘पेसमेकर इन सिटू’, म्हणजे पेसमेकर बसवलेला आहे, असं लिहून मोकळे होतात. मला या वाक्याची चीड आहे, कारण ते मीही लिहिलं आहे.

खांद्यावरची चरबीची गाठ काढायची होती, जागेवरच भूल देऊन. पेशंटचं यंत्राचं कार्ड गावी राहिलेलं. फिल्मवर डबी पाहिली, रिपोर्ट दिला. सर्जननी कॉटरी (विजेने कापणारं, रक्त थांबवणारं उपकरण) लावली आणि काही सेकंदांत आजोबा टेबलावरून उसळले. ‘आतून कुणी मुसळ हाणलं’ असं ते नंतर म्हणाले. ते यंत्र आयसीडी होतं, म्हणजे जीवघेणी लय दिसली की हृदयाला शॉक देणारं. कॉटरीची वीज त्याला जीवघेणी लय वाटली आणि त्याने शॉक दिला. आजोबा सुखरूप राहिले. फिल्म परत लावली, तर हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातल्या वायरवर जाड पांढरी कॉइल ढळढळीत दिसत होती.

तेव्हापासून मी डबी शेवटी बघते. आधी वायरच्या टोकावर बोट ठेवायचं आणि उलटं डबीपर्यंत यायचं. पेसमेकरची वायर सगळीकडे बारीक असते. शॉक देणाऱ्या वायरवर एक किंवा दोन जाड पट्टे असतात. या फरकावर पुढचं बरंच ठरतं. डबीवर मॅग्नेट ठेवला की पेसमेकर सहसा ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो. आयसीडीचे फक्त शॉक थांबतात, पेसिंग होतं तसंच राहतं. भूलतज्ज्ञ तुमच्या त्या एका शब्दावर विसंबून असतात.

दुसरी चूक म्हणजे लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेली फिल्म, न काढणं. समोरून वायर कुठे गेली ते कळल्यासारखं वाटतं, पण खोली कळत नाही. लॅटरलमध्ये उजव्या खालच्या कप्प्यातली वायर उरोस्थीकडे, पुढे जाते. कोरोनरी सायनसमधली (हृदयाच्या मागच्या शिरेतली) मागे, मणक्याकडे वळते. तीन वायर असून एक मागे वळलेली असेल तर बहुधा सीआरटी, म्हणजे हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे जुळवून चालवणारं यंत्र. ‘पेशंट थकलाय, एकच घेऊ’ हे कारण मला पटत नाही, बसवून घ्या.

बाकीच्या चुका: हृदयातली अडीच ते चार सेंटिमीटरची कॅप्सूल म्हणजे वायरविना पेसमेकर, तिला बाहेरचं काहीतरी समजू नका. त्वचेखालची वायर नसलेली छोटी पट्टी लूप रेकॉर्डर असते, ती ठोके नुसते नोंदवते, देत नाही. त्वचेखालच्या आयसीडीची डबी डाव्या काखेच्या बाजूला असते, फिल्म कापून घेतली तर तीच जाते. शरीरातच सोडून दिलेल्या, डबीला न जोडलेल्या वायर एमआरआयआधी रिपोर्टमध्ये लिहाच. फोटोवरून कंपनी सांगणाऱ्या ॲपआधी डबीवरची अक्षरं मोठी करून वाचा. कंपनीची खूण आणि मॉडेलचा कोड बऱ्याचदा तिथेच असतो.

आणि यंत्र नुकतंच बसवलं असेल तर लॅटरलसाठी त्या बाजूचा हात खांद्याच्या वर उचलायला लावू नका. वायर सरकू शकते. टेक्निशियनला हे मी दर वेळी स्वतः जाऊन सांगते.