नोकरी लागली, आता टेबल मिळवा: एका अल्पदृष्टी बँक कर्मचाऱ्याचे अनुभव

मला अल्पदृष्टी आहे आणि मी एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. नोकरी शोधणारी दिव्यांग मुलं फोन करतात तेव्हा सगळा वेळ आरक्षणावरच जातो. रुजू झाल्यावर पुढे काय, हे फार कमी जण विचारतात, आणि खरी ओढाताण तिथंच सुरू होते.

आधी कागद. यूडीआयडी कार्डाशिवाय, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राशिवाय, काही हलत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तपासणीला सिव्हिलला जायचं. डोळ्यांचे, कानांचे, हाडांचे वार ठरलेले असतात, ते आधी विचारून घ्या. टक्केवारी 40 किंवा त्याहून जास्त असेल तरच नोकरीतलं आरक्षण मिळतं. आधार, दहावीची सनद आणि कार्ड यांवरचं नाव अक्षरन् अक्षर एकच हवं, नाहीतर कागदपत्रं पडताळताना घाम फुटतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखीव आहेत: अंध-अल्पदृष्टी 1, कर्णबधिर 1, अस्थिव्यंग वगैरे 1 आणि उरलेला 1 स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता यांना मिळून. पण प्रत्येक पद प्रत्येकासाठी नसतं. जाहिरातीत पदासमोर एलव्ही (अल्पदृष्टी), ओएल (एका पायात अपंगत्व), एचएच (कमी ऐकू येणं) अशी अक्षरं असतात. आपलं अक्षर तिथं नसेल तर फॉर्म भरण्यात अर्थ नाही. परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. लेखनिकाचे नियम मात्र मधूनमधून बदलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकू नका, ताजी जाहिरात वाचा.

आता रुजू झाल्यानंतरचं. पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, "तुम्हाला काउंटरवर बसवलं तर नोटा कशा ओळखणार?" प्रश्न खवचट नव्हता, त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी मोबाइल काढून रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप उघडलं आणि नोट समोर धरली. ॲप बोललं, "पाचशे रुपये". शेजारच्या काउंटरवरच्या मॅडम खुर्ची ओढून बघायला आल्या. तरी रोख मी मागितली नाहीच, गर्दीत ते परवडत नाही. मी खातं उघडणं आणि पासबुकाचं काम मागितलं.

मागितलं म्हणजे लेखी मागितलं. तोंडी 'बघू' म्हणणारे साहेब चांगलेच असतात, पण त्यांची बदली होते आणि नवीन साहेबांना काहीच ठाऊक नसतं. अर्जात 31 मार्च 2014 च्या केंद्राच्या परिपत्रकाचा उल्लेख करा. त्यात सहायक साधनं, सोयीचं फर्निचर, शक्यतो आवर्ती बदलीतून सूट, हे सगळं आहे. 'मदत व्हावी' असं मोघम लिहू नका. 'मोठा मॉनिटर, एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकण्याची परवानगी, पाठीमागून उजेड येणार नाही अशी जागा' असं नेमकं लिहा आणि पोच घ्या. एनव्हीडीए फुकट आहे, पण बँकेच्या संगणकावर आयटी विभागाच्या परवानगीशिवाय काही टाकता येत नाही. माझी मॉनिटरची फाइल बरेच दिवस रखडली होती. पोच हातात होती म्हणून तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता आलं. तिथंही काम झालं नाही तर बँकांसाठी दिल्लीचे दिव्यांगांसाठीचे मुख्य आयुक्त, राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी पुण्याचे दिव्यांग आयुक्त.

खासगीत जाणाऱ्यांना आरक्षण नाही, पण समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेनं जाहीर करायचं असतं. मुलाखतीला जाण्याआधी ते मागून बघा. एचआरला तो शब्दच नवा वाटला, तर पुढचा अंदाज आपोआप येतो.

पहिल्या पगाराची स्लिप नीट बघा. महाराष्ट्रात 40 टक्के किंवा त्याहून जास्त कायम अपंगत्वाला व्यवसाय कर माफ आहे, तरी दरमहा 200 रुपये कापलेले दिसतात, कारण पगार विभागाला कोणी सांगितलेलंच नसतं. कार्डाची प्रत त्यांनाही द्या. जुनी करप्रणाली घेत असाल तर प्राप्तिकरात 75 हजारांची वजावट मिळते, 80 टक्क्यांपासून सव्वा लाखाची. नव्या प्रणालीत ती नाही, म्हणून प्रणाली निवडण्याआधी दोन्हींचा हिशेब मांडा.