पायओथ्रीतले जुने इन्टूपाय, टूपायऑब्जेक्ट काढून इन्टूपायऑब्जेक्टवर कसं यायचं

रस्टमधे लायब्ररी लिहून ती पायथॉनवाल्यांच्या हातात द्यायची तर आज बहुतेक जण पायओथ्री (रस्ट आणि पायथॉन जोडणारी लायब्ररी) हीच घेतात, पोलार्स आणि पायडँटिक-कोर पण त्याच्यावरच उभे आहेत. नोव्हेंबर २०२४ मधे त्याची ०.२३ आवृत्ती आली आणि रस्टची व्हॅल्यू पायथॉनमधे न्यायचे दोन जुने ट्रेट (टाइपने पाळायचे करार), टूपायऑब्जेक्ट आणि इन्टूपाय, डेप्रिकेट झाले, म्हणजे चालतात पण वापरू नका असं ठरलं, नंतर तर काढूनच टाकले. आता दोघांच्या जागी एकच, इन्टूपायऑब्जेक्ट. नाव शोधून बदललं की झालं असं वाटतं पण तसं होत नाही, कारण खरा बदल नावात नाहीये, एररमधे आहे.

माझंच उदाहरण सांगतो. माझ्याकडे रक्कम नावाचा स्ट्रक्ट होता, आत पैसे पूर्णांकात ठेवलेले, आणि पायथॉनकडे जाताना त्याचा डेसिमल (पायथॉनची अचूक दशांश संख्या) व्हायचा. शंभरने भागून रुपये, बाकी उरली ते पैसे, मधे टिंब टाकून स्ट्रिंग, ती डेसिमलला दिली, बस. एकदा रिफंडची रक्कम आली, उणे ५५० पैसे. रस्टमधे उणे आकड्याची बाकी पण उणेच येते, म्हणून स्ट्रिंग झाली -५.-५०. डेसिमलने ती नाकारली ते बरोबरच केलं, पण जुन्या ट्रेटच्या फंक्शनला एरर परत द्यायची सोयच नव्हती, म्हणून मी तिथे अनरॅप (एरर आली तर पॅनिक करून काम तिथेच पाडणारं) लिहिलेलं, आणि झालं पॅनिक. पॅनिक पायथॉनमधे पॅनिकएक्सेप्शन म्हणून पोचतं आणि ते बेसएक्सेप्शनवरून बनलेलं असतं, म्हणजे नेहमीचं एक्सेप्ट एक्सेप्शन त्याला पकडतच नाही. एक रो सोडून पुढे जायचं तर रात्रीची अख्खी बॅच तिथेच थांबली.

तर सुरुवात कुठून करायची? थेट लेटेस्टवर उडी मारू नका, आधी ०.२३ वर या. तिथे जुने ट्रेट अजून चालतात, फक्त वॉर्निंग येतात, आणि कार्गो बिल्डमधून आलेल्या त्या वॉर्निंगची यादी हीच तुमची कामाची यादी.

पण कोडला हात लावायच्या आधी पायथॉनच्या बाजूने टेस्ट लिहा, आणि त्यात नुसती व्हॅल्यू नाही तर टाइप पण तपासा. हे मी कळकळीने सांगतोय कारण ०.२३ मधली सगळ्यात फसवी गोष्ट इथेच आहे: यूएट (० ते २५५ मधला पूर्णांक) चा व्हेक्टर आधी पायथॉनमधे लिस्ट व्हायचा, नव्या ट्रेटने तो बाइट्स होतो. लांबी तीच, इंडेक्स टाकला तर आकडा तोच, लूप फिरवला तरी तेच आकडे, त्यामुळे अर्ध्या टेस्ट हिरव्याच राहतात. मग कुठेतरी कोणी अपेंड करतं, किंवा लिस्टशी बरोबर आहे का बघतं आणि उत्तर फॉल्स येतं, किंवा जेसन डम्प्स टाइपएरर फेकतं. लिस्टच हवी असेल तर पायलिस्ट स्वतः बनवून परत द्या, बाइट्स चालत असतील तर रिलीजच्या नोंदीत ठळक लिहा, वापरणाऱ्याला हे कळायलाच हवं.

आता सोपे टाइप उरकून घ्या. पायक्लास (रस्टच्या टाइपचा पायथॉन क्लास बनवणारा मॅक्रो) लावलेल्यांना काही करायचं नाही, मॅक्रो स्वतःच नवा ट्रेट देतो, तिथे जुनं हाताने लिहिलेलं असेल तर पुसून टाका. साध्या स्ट्रक्टला डिराइव्ह (ट्रेटचा कोड आपोआप लिहून देणारं) लावा: फील्डना नावं असतील तर डिक्शनरी होते, टपल स्ट्रक्टचा टपल होतो, आणि टपल स्ट्रक्टमधे एकच फील्ड असेल तर आतली व्हॅल्यू जशीच्या तशी जाते. आधी तुमचा कोड हेच देत होता का ते मात्र बघा.

हाताने लिहायचे राहतात ते रक्कमसारखे. तिथे तीन टाइप सांगायचे असतात. टार्गेट म्हणजे पायथॉनमधे काय बनणार, डेसिमलसाठी मी पायएनी (कुठलाही पायथॉन ऑब्जेक्ट) ठेवलं. आउटपुट म्हणजे हातात काय येणार, बहुतेक वेळा बाउंड, म्हणजे पायथॉन ऑब्जेक्टवरचा आपल्या मालकीचा हँडल. आणि एरर, माझ्याकडे पायएर (पायथॉनचं एक्सेप्शन). मग आत डेसिमल मॉड्यूल इम्पोर्ट, क्लास काढणे, कॉल करणे, प्रत्येकाला प्रश्नचिन्ह (एरर आली तर ती परत पाठवणारं रस्टचं चिन्ह) लावलं आणि सगळे अनरॅप गेले. उणे रकमेचं चिन्ह वेगळं काढून बाकी ॲब्सोल्यूट व्हॅल्यूवर काढली तो बग पण तेव्हाच सुधारला, पण उद्या अजून काही चुकलं तरी आता पायथॉनमधे सरळ इनव्हॅलिडऑपरेशन दिसेल आणि एक्सेप्टमधे पकडता येईल. जिथे चूक होऊच शकत नाही, उदाहरणार्थ साधा पूर्णांक, तिथे एररचा टाइप इन्फॉलिबल असतो, त्यालाही प्रश्नचिन्ह चालतं.

बूलला कंपायलर अडवेल. ट्रू आणि फॉल्स पायथॉनमधे आधीपासून तयारच असतात म्हणून तिथे बाउंड नाही, बॉरोड (उसना हँडल) मिळतं, ते आधी टू-ओन्ड करून मग पुढे न्यायचं.

जेनेरिक फंक्शन शेवटी घ्या, तिथे सगळ्यात जास्त वेळ जातो. जेनेरिकवरच्या जुन्या ट्रेटच्या अटीला लाइफटाइम (रेफरन्स कुठवर चालतो ते सांगणारी खूण) नव्हता, नव्याला पाय नावाचा लाइफटाइम लागतो, म्हणून तो फंक्शनच्या सिग्नेचरमधे आणायचा आणि पायथॉन टोकनला (इंटरप्रिटर वापरायची परवानगी दाखवणारी व्हॅल्यू) पण तोच द्यायचा. व्हॅल्यू खर्च न करता नुसत्या रेफरन्सवरून कन्व्हर्ट करायचं असेल तर ट्रेट रेफरन्ससाठी पण लागतो, त्याला इन्टूपायऑब्जेक्टरेफ नावाचा वेगळा डिराइव्ह आहे. आणि पायलिस्ट, पायटपल यांचं न्यू आता रिझल्ट परत देतं, तिथेही प्रश्नचिन्ह लागेल, पुन्हा अनरॅप टाकू नका.

वॉर्निंग शून्य झाल्या, पायथॉनच्या टेस्ट टाइपसकट पास झाल्या, की मग पुढची आवृत्ती घ्या, एका वेळी एकच.