एबीएस-ईएसपीचे दिवे मधूनच लागत होते. दोष सेन्सरमध्ये नव्हता, वायरमध्ये होता

गाडी बारा वर्षं जुनी. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं किंवा खड्डा लागला की एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे पिवळे दिवे लागायचे. गाडी बंद करून चालू केली की गायब. (लाल ब्रेकचा दिवा लागला तर मात्र गाडी चालवूच नका.)

ब्रेक ऑइल आणि बॅटरी बदलली, पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सरही नवा टाकला. चार महिने नुसता वैताग.

शेवटी एबीएसचे दोष-कोड वाचणारा स्कॅनर मिळवला. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून दोष वाचायचं छोटं यंत्र) बहुधा इंजिनापुरताच असतो. मोकळ्या मैदानात भावाला 20 च्या वेगाने गाडी चालवायला लावली. तीन चाकं 20 दाखवत होती, वळताना पुढचं डावं एकदम 0.

मग चावी काढली, गाडी जॅकने उचलून तिच्याखाली स्टँड लावलं आणि चाक उतरवलं. या गाडीत सेन्सरला हबपाशी वेगळा प्लग आहे, तिथून वायर बॉडीपर्यंत जाते. दोन्ही टोकं सोडवून मल्टिमीटर बीपवर (वायर सलग असेपर्यंत वाजत राहतो) ठेवला आणि वायर इंच-इंच वाकवत गेलो. शॉकअबसॉर्बरच्या क्लिपपाशी आवाज तुटला! वरचं रबर धड, आत तांबं तुटलेलं.

झाळून जोडलं नाही. सतत वाकणारी जागा, पुन्हा तुटली असती. पूर्ण वायर नवी टाकली, जुन्याच क्लिपांमधून नेली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ताण बसत नाही ना ते पाहिलं, मग कोड पुसले. हा पावसाळा गेला, दिवा लागलेला नाही.