गुरुवारचे टिकमार्क: ऑडिट आणि इन्स्पेक्शनमधल्या या चुका टाळा

भोसरी-चाकण पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एका व्हेंडरकडे (पुरवठादाराकडे) ऑडिटला गेलो आणि प्रेस मशीनची रोजची चेकशीट हातात घेतली, तर ३१ खान्यांत ३१ टिकमार्क, सगळे एकाच पेनाने. चारही गुरुवारी तेल ओके, क्लच ओके, गार्ड ओके. कारखान्याला कुलूप असताना हे कोणी पाहिलं, असं विचारल्यावर सुपरवायझर बिचारा खरं बोलला, "सर, महिनाअखेरीला एकदमच भरतो. तुम्ही मागता ना."

'तुम्ही मागता ना' हे तो काही चूक बोलला नव्हता. आपण फाइल मागतो, तो फाइल देतो.

चेकशीट खोटी निघाली की सहीचा रकाना वाढवणे

हा नेहमीचा उपाय. याने एवढंच होतं की आधी एक जण न बघता टिक करायचा, आता दुसरा न बघता सही करतो. त्यापेक्षा मुद्दे कमी करा. चाळीस मुद्द्यांची शीट शिफ्टच्या सुरुवातीला कोणीही प्रामाणिकपणे भरू शकत नाही, सेटर (मशीन लावून देणारा) तर नाहीच, कारण त्याला फर्स्ट पीस, म्हणजे तपासणीसाठीचा पहिला नग, काढायची घाई असते. सात-आठ मुद्दे ठेवा आणि जमेल तिथे टिकऐवजी आकडा लिहायला लावा. 'हवेचा दाब ओके' असं नको, गेजवर दिसेल तो दाब लिहा. महिनाभर एकच आकडा उतरवलेला असेल तर लगेच दिसतो. शीट ऑफिसातल्या फाइलला न लावता मशीनला लटकवा. कूलंटचे डाग पडलेल्या शीटवर माझा जास्त विश्वास बसतो.

आणि ऑडिटला गेलात की पहिला प्रश्न असा विचारा: गेल्या तीन महिन्यांत इथे 'नॉट ओके' कधी लिहिलं गेलं, आणि त्या दिवशी मशीन कोणी थांबवलं? एकदाही लिहिलेलं नसेल, तर मशीन खरंच इतकं चांगलं आहे, का लिहिणाऱ्याला बोलणी बसतात, हे शोधायला लागा.

'ऑपरेटरला समज दिली' यावर एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नोंदवलेली त्रुटी) बंद करणे

ड्रिलिंग राहून गेलेला एक पार्ट ग्राहकाकडे पोचला. आठ दिवसांत ८डी (दोषाचं कारण आणि उपाय सांगणारा आठ पायऱ्यांचा अहवाल) आला. मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: समज दिली, ट्रेनिंग दिलं. सोबत फळ्यासमोर उभ्या चार जणांचा फोटो. तोच ऑपरेटर पुढच्या महिन्यात दुसरीकडे नोकरीला लागतो आणि समजही त्याच्याबरोबर जाते.

पार्ट पुढच्या ऑपरेशनला जातो तिथल्या फिक्स्चरमध्ये त्या भोकात जाणारी एक डॉवेल पिन टाका. भोक नसेल तर पार्ट बसणारच नाही. एवढं झालं की शेजारच्या मशीनवरही असाच पार्ट चालतो का, ते बघा. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या कलम १०.२ मध्ये हेच मागितलं आहे: तसाच दोष दुसरीकडे होऊ शकतो का ते तपासा, आणि केलेल्या उपायाने फरक पडला का तेही पाहा. प्रत्यक्षात एनसी फोटोवर बंद होते. पुढचे चार-पाच लॉट तपासल्याशिवाय ती बंद करू नका, मग शेठ कितीही फोन करोत.

कॅलिब्रेशनचं (मोजमापाची साधनं बरोबर मोजतात का ते तपासण्याचं) थोडक्यात: स्टिकरवरची तारीख वाचून पुढे जाऊ नका. व्हर्निअर काल जमिनीवर पडला असेल तर स्टिकरला ते माहीत नसतं. जबडे बंद करून शून्य पाहायला दहा सेकंद लागतात.

सुरक्षेची साधनं 'आहेत का' एवढंच पाहणे

प्रेसला दोन हातांची बटणं असतात, दोन्ही हात डायच्या (पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या) बाहेर राहावेत म्हणून. मी आत शिरण्याआधी जरा लांबून पाहतो. एका बटणाला चिकटपट्टी लावलेली असते, साहेब दिसले की ती निघते. यात ऑपरेटरला दंड करून काही साधत नाही. तासाला किती नग मागितलेत ते विचारा. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच प्रेस चालेल, असा रिले मिळतो. तो बसवला की चिकटपट्टीचा उपयोग संपतो. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) असेल तर चालत्या स्ट्रोकला त्यात काठी घालून दाखवायला सांगा. हात नव्हे, काठी.

आगीच्या बाबतीत तर कागद फार फसवतो. कराचीच्या बल्दिया टाउनमधल्या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामगारांच्या सुरक्षेचं आणि हक्कांचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायच्या वाटांना कुलपं, आणि अडीचशेहून अधिक कामगार गेले. आपल्या शेडचं मागचं शटरही कुलपात असतंच, भंगार चोरीला जातं म्हणून. किल्ली कुठे आहे हे विचारून थांबू नका, तुमच्यासमोर उघडायला लावा, आणि शक्यतो तिसऱ्या शिफ्टला. एका ठिकाणी किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन चहाला गेला होता.

व्हेंडरचं प्रमाणपत्र पाहून त्याची क्षमता न मोजणे

बाकी सगळं जमलं तरी इथे बरेच जण फसतात. १२.९ ग्रेडच्या (फार मजबूत स्टीलच्या) बोल्टला झिंक प्लेटिंग केलं की स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो. तो काढायला प्लेटिंगनंतर साधारण चार तासांच्या आत बोल्ट ओव्हनमध्ये जाऊन १९० ते २२० अंशांवर बेक व्हायला हवेत. नाही झाले, तर बोल्ट तपासणीत पास होतो, टॉर्कही घेतो आणि घट्ट केल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. येणाऱ्या मालाच्या तपासणीत हा दोष सहसा सापडत नाही, म्हणून प्लेटिंगवाल्याकडे जावंच लागतं.

तिथे बेकिंगच्या तापमानाचे चार्ट बघण्याआधी गणित करा. एकाच्या ओव्हनमध्ये एका वेळी १५० किलो माल बसत होता आणि बेकिंग चार तासांचं. दिवसरात्र चालवला तरी सहा लोड, ९०० किलो. त्याच्याच चलनांवर एका दिवसाला आमचा १,४०० किलो माल बाहेर पडलेला. चार्ट मात्र सगळ्या मालाचे होते, सुंदर, सरळ रेषेचे.

उरलेले ५०० किलो कुठे बेक झाले, असं विचारलं. मालक थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "भावाच्या ओव्हनला जातो." हा भाऊ आमच्या मंजूर यादीत कुठेच नव्हता. दोन गल्ल्या चालत गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या नावाच्या निळ्या क्रेट रचलेल्या होत्या, ओव्हनचा कंट्रोलर बंद होता आणि दार लागत नव्हतं म्हणून त्याला लाकडी ओंडक्याचा टेकू दिला होता. ऑडिटचे उरलेले दोन तास तिथेच, क्रेटवरचे लॉट नंबर उतरवून घेण्यात गेले.