कारमधले स्पीकर का जळतात? अँप लावताना या चुका टाळा

नवा अँप (अँप्लिफायर) बसवला आणि महिन्याभरात ट्विटर (बारीक, टिपेचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) गेला, की लगेच ऐकू येतं, "अँप जास्त वॉटचा घेतला, स्पीकरला झेपला नाही." बहुतेक वेळा दोष वॉटचा नसतो, गेन चुकीचा लावलेला असतो.

गेनच्या नॉबला आवाजाचा नॉब समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कुठल्या स्टिरिओच्या आरसीएमधून (अँपकडे सिग्नल पाठवणाऱ्या सॉकेटमधून) २ व्होल्ट निघतात, कुठल्या ४. येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवून घेण्यासाठी गेन असतो. तो शेवटपर्यंत फिरवला, तर स्टिरिओ निम्म्या आवाजावर असतानाच अँपची ताकद संपते. त्यापुढे आवाज वाढवला की सिग्नलच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि लाट सपाट होते. हेच क्लिपिंग. १०० वॉटचा अँप पुरता क्लिप झाला, तर स्पीकरमध्ये जवळपास दुप्पट पॉवर जाऊ शकते आणि तिची बहुतेक उष्णता व्हॉइस कॉइलमध्येच, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतच, साठते. म्हणून ताणलेला ५० वॉटचा अँपही ८० वॉटचा स्पीकर जाळू शकतो.

गेन कानाने लावू नका, मल्टिमीटरने लावा. आधी स्पीकरच्या वायरी अँपमधून काढा. स्टिरिओचे बेस, ट्रेबल शून्यावर आणा, लाउडनेस बंद करा. अँपवरचा क्रॉसओव्हर (कुठल्या फ्रिक्वेन्सी पुढे जाऊ द्यायच्या ते ठरवणारा फिल्टर) 'फुल'वर ठेवा, गेन पूर्ण खाली आणा. आता शून्य डीबीचा टेस्ट टोन (पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला एकच सूर) लावा, पुढच्या स्पीकरसाठी १००० हर्ट्झ, सबवूफरसाठी (फक्त बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी) ५० हर्ट्झ. स्टिरिओचा आवाज पाऊण ठेवा, म्हणजे ४० पैकी ३०. मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना अँपच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वाढवा.

थांबायचं कुठे? अँप आणि स्पीकर यांच्यापैकी ज्याचे आरएमएस वॉट (सलग झेपणारी पॉवर) कमी, ते घ्या, स्पीकरच्या ओहमने गुणा आणि वर्गमूळ काढा. अँप ७५ वॉटचा आणि स्पीकर ६० वॉट, ४ ओहमचा असेल, तर ६० गुणिले ४ म्हणजे २४०, वर्गमूळ साधारण १५.५. मीटरवर १५.५ व्होल्ट दिसले की थांबा. काही स्वस्त मीटर १००० हर्ट्झला चुकीचा आकडा दाखवतात, त्यामुळे मीटरच्या पुस्तिकेत एसी व्होल्टची फ्रिक्वेन्सी मर्यादा नक्की बघा. इंजिन चालू ठेवून मोजणार असाल, तर गाडी मोकळ्या जागेत हवी.

एवढं नीट केल्यावर लोक बेस बूस्ट फिरवतात आणि सगळी मेहनत वाया जाते! ३ डीबी वाढवायला दुप्पट पॉवर लागते, १२ डीबीला सोळापट. ती अँपकडे नसतेच, मग पुन्हा क्लिपिंग. बूस्ट शून्यावरच असू द्या. बेस कमी वाटला, तर आधी दोन्ही स्पीकरची प्लस-मायनस जोडणी तपासा. एक जरी उलटा जोडला असेल तरी बेस गायब होतो, आणि माणूस बिचारा गेन वाढवत बसतो.

दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावा, खालचा बेस सबवूफरकडे जाऊ द्या. सबवूफरचा पोर्टवाला (हवेसाठी भोक असलेला) बॉक्स असेल तर अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा सबसोनिक फिल्टरही हवाच, बॉक्सच्या ट्यूनिंगच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा थोडा खाली. नाहीतर कोन मोकाट हलतो आणि स्पीकर फाटतो.

खोक्यावर छापलेल्या '३००० वॉट'वर हिशेब मांडू नका. अँपचा फ्यूज बघा. ३० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॉट, तेही आत जाणारे. क्लास एबी प्रकारच्या अँपमधून त्यातले साधारण निम्मेच बाहेर येतात.

ओहमचंही तसंच. ४ ओहमचे दोन सबवूफर पॅरलल जोडले की २ ओहम होतात. अनेक फोर चॅनल अँप ब्रिज केल्यावर (दोन चॅनल एकत्र जोडल्यावर) ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, आणि इथे धोका अँपलाच असतो. पॉवरची वायर बारीक असेल किंवा अर्थिंग रंगावरच आवळलेलं असेल, तर बेसच्या ठोक्याला व्होल्टेज पडतं आणि बरोबर लावलेला गेनही क्लिप होऊ लागतो. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ घ्या. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज लावा. तो स्पीकरसाठी नसतो, वायर शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

मोठ्या आवाजात गाणं चिरकतंय किंवा जळका वास येतोय? तिथेच आवाज बंद करा. स्पीकर थंड झाला की वायर काढून ओहम मोजा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. आकडा बरोबर असेल, तर कोनवर चारी बाजूंनी बोटं ठेवून अलगद आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल तापून वाकली आहे, ती मॅग्नेटच्या फटीत घासतेय. असा स्पीकर कमी आवाजात ठीक वाजतो, पण बदलावाच लागतो. नवा जोडण्याआधी त्या चॅनलचा गेन पुन्हा मोजा.