ट्रायफोल्डची घडी बिघडते कुठे? या चुका टाळा

ए-फोरचं ट्रायफोल्ड, म्हणजे दोन घड्यांचं तीन पानी पत्रक, करायचं म्हटलं की नवखा डिझायनर २९७ मिमीला ३ ने भागतो आणि ९९-९९-९९ वर गाइडलाइन (घडीच्या खुणेच्या रेघा) टाकून मोकळा होतो. हिशेब बरोबर, पण घडी बसत नाही. आत जाणारं पान बाकीच्या दोघांइतकंच रुंद असलं, तर ते घडीच्या कोपऱ्यात अडतं. मग पत्रक फुगतं, नाहीतर त्या पानाची कड मुडपते. आतलं पान ९७ आणि उरलेली दोन १००-१०० ठेवा.

एवढं ठाऊक असणारेही पुढच्या पायरीवर घसरतात. बाहेरच्या बाजूला डावीकडून क्रम येतो ९७-१००-१००: आत जाणारं पान, मग मागचं, मग मुखपृष्ठ. आतल्या बाजूला तोच क्रम उलटतो, १००-१००-९७. एका बाजूच्या गाइडलाइन दुसऱ्या बाजूला जशाच्या तशा चिकटवल्या, की रंगाचा पट्टा ३ मिमी शेजारच्या पानावर सांडतो. फोल्डिंगवाल्याशी भांडून उपयोग नाही. कागद एक, घडीही एकच. तो दोन्ही बाजू सांभाळणार कशा?

झेड फोल्डमध्ये (इंग्रजी झेडसारख्या नागमोडी घडीत) कुठलंच पान आत जात नाही, म्हणून तिथे ९९-९९-९९ चालतं. ऑर्डरवर नुसतं ‘ट्रायफोल्ड’ लिहून सोडू नका. सी (वरची, एक पान आत जाणारी घडी) की झेड, ते स्पष्ट लिहा. गेट फोल्डला, म्हणजे कडेची दोन पानं दारांसारखी मधल्या पानावर मिटतात त्या घडीला, ७४-१४९-७४ घ्या, म्हणजे दोन दारांमध्ये मिलिमीटरभर फट राहते. त्या फटीवर चेहरा किंवा लोगो नको. मशीनवर घडी जराशी सरकली तरी गणपतीची सोंड एका दारावर आणि दात दुसऱ्यावर, असा प्रकार होतो.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती घडीवरच्या पांढऱ्या रेघेची. १७० जीएसएमचा (चौरस मीटरला १७० ग्रॅम) आर्ट पेपर, त्यावर गडद निळा सॉलिड (सलग भरलेला रंग), आणि घडी घातली की रंग तडकतो. दोष शाईला दिला जातो. बहुतेक वेळा कारण असतं ग्रेन, म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा. कागदाचे तंतू ज्या दिशेने धावतात तिला समांतर घडी गुळगुळीत पडते, आडवी घातली की तुटते. शीटचा तुकडा दोन्ही दिशांनी दुमडून पाहिला की लगेच कळतं. मोठ्या शीटवर कागद वाचवण्यासाठी जॉब फिरवून बसवला, तर ग्रेनही फिरते, म्हणून हे छपाईची प्लेट करण्याआधीच विचारून घ्या.

जाड कागदाला क्रीजिंगशिवाय (घडीच्या जागी आधी दाबून रेघ पाडल्याशिवाय) घडी घालूच नका. लॅमिनेशन असेल तर क्रीजिंग त्यानंतर. क्रीज मारल्यावर एका बाजूला खाच पडते, दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. घडी घालताना उंचवटा आत राहायला हवा. खाचेत दुमडणं सोपं वाटतं, म्हणून हाताने घडी घालणारी मंडळी हमखास उलटं करतात. डिजिटल प्रिंटचा टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो, त्यामुळे तिथे तडे लवकर दिसतात. घडीच्या जागेवर गडद सॉलिड टाळलेलंच बरं.

छपाईला फाइल देताना साध्या कागदाची डमी दुमडून, पानांवर पेन्सिलने आकडे घालून सोबत द्या. घाईचं काम असलं तरी ओल्या शाईवर फोल्डिंग करून मागू नका: रोलरला लागलेली शाई पुढच्या प्रतींवर उमटते, आणि ते डाग निघत नाहीत.